पेट्या हुंगणारे डॉक्टर

या माणसाविरुद्ध मी दोन पत्रकं छापली. पहिलं अर्धं खरं होतं, पण त्यातला खरा अर्धा भाग कोणता हे मलाच ठाऊक नव्हतं. दुसरं साफ अन्यायाचं होतं. हे आधीच सांगून टाकतो. माणूस बदली होऊन गावातून गेला की त्याचे गोडवे गायची आपल्याकडे फार हौस. तो समोर असताना गाणाऱ्याने त्याला किती छळलं, ते मात्र कोणी विचारत नाही. मी छळलं.

नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. आचऱ्याच्या आसपास नावाची गरजही नाही. ‘बाटलीदाक्तर’ म्हटलं की पुरे. परगावच्या माणसाला वाटे, डॉक्टर पिणारे असणार. ते सोलकढीपलीकडे काही पीत नसत.

बाटल्या होत्या त्या दवाखान्याच्या खिडकीत. पांढऱ्या काचेच्या चार, ओळीने. पहिलीत शहाळ्याचं पाणी, दुसरीत फिका चहा, तिसरीत कडक कोरा चहा आणि चौथीत कोकमाचं आगळ. आमच्याकडचं माणूस दुखणं सांगेल, पण लघवीचा रंग विचारला की खाली बघेल. बायका तर “बरी आसा” म्हणून विषय संपवत. मग डॉक्टरांनी ही युक्ती काढली. तोंडाने सांगायची लाज वाटते ना, मग बोट दाखवा. लहान पोराचं असेल तर बाळोत्याचा डाग कुठल्या बाटलीसारखा ते दाखवा. शहाळ्याचं पाणी दोन दिवसांत नासे, तेव्हा ते स्वतः बाटल्या धुऊन पुन्हा भरत बसत. पुढेपुढे गावात रामराम मागे पडला. बाजारात मासे विकणाऱ्या बायका एकमेकींना विचारत, “काय गो, आज कितवी बाटली?”

मला याचा संताप यायचा. मी तेव्हा मुंबईच्या छापखान्यात खिळे जुळवण्याचं काम करून, संपात नोकरी घालवून गावी आलो होतो. मालवणातल्या एका छापखान्यात अर्धवेळ काम करी आणि उरलेल्या वेळात गाव सुधारत असे. पूल नाही, खाडीवर होडीसाठी तासतास थांबावं लागतं, मोठा दवाखाना दूर, आणि इथे सरकारचा पगार घेणारा डॉक्टर खिडकीत आगळ भरून ठेवतो.

त्यात त्यांचं ध्यान. छत्री मागे सदऱ्याच्या कॉलरला अडकवलेली, म्हणजे दोन्ही हात मोकळे. पायांतल्या वहाणा दवाखान्याच्या पायरीवर काढून आत अनवाणी, कारण वाजणाऱ्या पायांना लहान पोरं भितात. नोंदी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानांच्या पाठीवर. आमच्या वाडीपलीकडे एक म्हातारा काविळीवर तापल्या सळीचा डाग द्यायचा. मी म्हणालो, त्याला पोलिसांत द्या. डॉक्टर त्याच्या अंगणात जाऊन दोन तास बसले, त्याच्याबरोबर पान खाल्लं, आणि त्याला पटवून आले की डाग द्यायच्या आधी बाळोतं बघायचं. तिसऱ्या बाटलीच्या पुढचं असलं तर पोर आधी दवाखान्यात पाठवायचं. आणि तो म्हातारा पाठवू लागला. मी याला तडजोड म्हणत असे. त्या वेळी तडजोड ही माझ्या कोशातली सर्वांत घाणेरडी शिवी होती.

पहिलं पत्रक हिवतापाच्या गोळ्यांवरचं. मलेरियावाले फवारे घेऊन घरोघर यायचे तो काळ. माझ्या रक्तात हिवताप निघाला म्हणून त्यांनी मला काही दिवसांच्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी माझी लघवी थेट आगळासारखी झाली. डोळे पिवळे, आणि घाटी चढताना दम लागून मी पायरीवर बसलो. गोळ्या फेकून दिल्या. आठ-दहा दिवसांत बरा झालो आणि ‘गोळी की विष?’ असं मोठ्या टायपात छापून बाजारात वाटलं. त्यात डॉक्टरांना सरकारचे हस्तक म्हटलं होतं.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टर पत्रक हातात घेऊन आमच्या अंगणात. मला वाटलं भांडायला आले. ते ओट्यावर बसले आणि विचारू लागले. काळी लघवी चौथ्या दिवशी की तिसऱ्या? गोळी सोडल्यावर किती दिवसांनी साफ झाली? तुझ्या मामाला कधी असं झालं होतं काय? मामाचं नाव काढल्यावर मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, माझ्या खानदानाची चौकशी करता? सरकारला विचारा जाऊन. ते उठले, पत्रकाची नीट घडी केली, खिशात घातली.

“बरा लिवलंस, पुढारी,” ते म्हणाले. “पण शिव्या कमी आणि दिस जास्त लिवलं असतंस तर माका उपयोग झालो असतो.”

आता माझ्या बहिणीचं. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. नवरा मुंबईला गोदीत. तिचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे झालं, मुलगी, छान वाढली. दुसऱ्या खेपेलाही ती माहेरी आली. मुलगा झाला. आमच्या घरची रीत अशी की बाळाला बारशापर्यंत नवं कापड लावायचं नाही. घरातलं जे माणूस सर्वांत जास्त जगलं त्याच्या लुगड्याची बाळोती आणि दुपटी करायची, म्हणजे त्याचं आयुष्य पोराला लागतं. आमची आजी नव्वदीपार जाऊन वारली. तिची चार लुगडी आईने पेटीत जपून ठेवली होती ती यासाठीच. मुलीलाही त्यातलंच लावलं होतं.

मुलगा चौथ्या दिवशी पिवळा पडला. डॉक्टर दोनदा येऊन गेले. लहान पोरांना होते तशी कावीळ आहे, ऊन दाखवा, अंगावर पाजा, म्हणाले. नवव्या दिवशी पोर गेलं.

मी दुसरं पत्रक काढलं. ‘डॉक्टर झोपले, बाळ गेलं.’ भर बाजारात मी ते त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचलं, आणखी एक प्रत मागितली आणि गेले. माणूस चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर त्यांना पेट्यांचं वेड लागलं. जिथे गरोदर बाई असेल, तान्हं पोर असेल, त्या घरात जायचं आणि म्हणायचं, पेटी उघडा. पेटी उघडली की गुडघ्यावर बसून आत तोंड घालायचं, हुंगायचं आणि काही न बोलता कॅलेंडरच्या पानावर लिहायचं. तेव्हा गोव्याकडचा चोरटा माल आमच्या किनाऱ्यावर सर्रास उतरायचा, आणि पेटीच्या तळाशी एखादं घड्याळ, एखादी बाटली कोणाच्या घरी नसे? लोकांनी ठरवून टाकलं की बाटलीदाक्तर कस्टमला फितूर झाला. डॉक्टर वाडीच्या तोंडाशी दिसले की घरोघर पेट्यांवर बसायला माणसं धावत. एका घरी तर सासू पेटीवर बसून राहिली आणि त्यांचा चहा पिऊन होईपर्यंत उठली नाही. ही अफवा मी थांबवू शकलो असतो. मी तिला वारा घातला, आणि आमच्या दारात त्यांना पाऊल ठेवू दिलं नाही.

दीड वर्षाने बहीण पुन्हा बाळंत झाली, आमच्याकडेच. मुलगा. आईने देवाला गाऱ्हाणं घातलं आणि आजीचं तिसरं लुगडं फाडलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर पेपर वाचत होतो. आई आतून बाळोतं हातात घेऊन आली आणि माझ्यासमोर धरलं. मग म्हणाली, “चवथी बाटली. जा. डाक्तराक बोलवून हाड.”

मी म्हटलं, दुसरा कोणी बघतो. ती म्हणाली, दुसरा कोण आहे? खरंच नव्हता. ज्या माणसाला मी चारचौघांत मारेकरी म्हटलं होतं, त्याच्या पायरीवर मी त्या सकाळी धावत गेलो. त्यांनी मला दमही खाऊ दिला नाही. पिशवी उचलली, कंपाउंडरला भिंगाची पेटी घेऊन मागून यायला सांगितलं, छत्री कॉलरला अडकवली आणि चालू लागले.

घरात शिरल्यावर पोराकडे बघण्याआधी ते उंबऱ्यात थांबले. नाक वर केलं. मग बाळंतिणीच्या खोलीत गेले, पोर उचललं. पोर केळीच्या पिकल्या पानासारखं पिवळं, आणि ओठ मात्र पांढरेफटक. नखशिखांत खोबरेल तेल चोपडलेलं. त्यांनी ते दुपटं नाकाला लावलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला.

“सगळा काढा. ह्या पोराच्या अंगावर एक धागो नको. कोमट पाण्यान न्हाणवा, तेल सुटासर. पेटी खंय आसा?”

आईने पेटी दाखवली. ते गुडघ्यावर बसले, झाकण उघडलं. दोन हात लांब उभ्या असलेल्या मलाही तो वास आला. त्यांनी लुगड्याच्या घडीतून दोन बोटांत धरून एक पांढरी गोळी काढली. डांबराची गोळी.

“ह्यो गोळये कोणी हाडल्यानी?”

आईने सांगितलं नसतं, मेली असती तरी नसतं.

“मी,” मी म्हणालो.

मीच. मुंबईहून परत येताना मी पावशेर डांबरगोळ्या आणल्या होत्या. आमच्या दमट हवेत कसर पुस्तकं खाते, कपडे खाते. आई पेटीत कडुलिंबाचा पाला आणि वेखंड घालायची. मी तो पाला अंगणात फेकला, तिला अर्धा तास विज्ञानावर व्याख्यान दिलं आणि प्रत्येक घडीत दोन-दोन गोळ्या घातल्या. बहिणीच्या मुलीच्या वेळी त्या पेटीत पाला होता. मुलग्यांच्या वेळी माझं विज्ञान होतं.

डॉक्टरांनी दवाखान्यातून बँडेजचं कोरं थान आणवून पोराला त्यात गुंडाळलं. टाचेतून रक्ताचा थेंब काढून काचेवर घेतला, रंग लावून भिंगाखाली धरला. मग सांगितलं, याला रक्त द्यायला हवं, थोडंच, पण आत्ता.

मी बाही वर केली. मामा आहे, मी देतो. त्यांनी माझा हात बाजूला सारला. “तुझा नको.”

मी भडकलो. म्हटलं, हा सूड आहे. पत्रकाचा राग पोरावर काढता? त्यांनी मला खांद्याला धरून भिंगापाशी बसवलं. आत गोल चकत्या दिसत होत्या, आणि कितीतरी चकत्यांत कडेला काळसर ठिपका.

“ही रगतातली होडकी,” ते म्हणाले. “चार म्हयने चलतत, मगे मोडतत, नवी येतत. सगळ्यांची तशीच. पण काय काय घराण्यांत होडक्यांचे सांधे कच्चे आसतत. निवांत दर्यात काय्येक जाणवणा नाय, माणूस म्हातारो होयसर जगता. एक ठरावीक वारो लागलो काय, सगळी एकदम फुटतत. तुका तो वारो गोळयेचो लागलो. ह्या पोराक डांबराचो. तेल चोपडलेल्या कातडेतसून भितर गेलो. ह्या आवशीकडसून झिलाक येता. म्हणान मी तुझ्या मामाचा विचारलंय. आता ज्येची होडकीच फुटकी, तेची ह्या पोराक दिवची काय?”

म्हणजे आईकडून मुलाकडे चालत आलेली ही खोड माझ्यात होती आणि बहिणीच्या मुलग्यातही. माझं ते ‘गोळी की विष?’ त्यांनी तेव्हापासून जपून ठेवलं होतं. आधीचा मुलगा गेल्यावर त्यांनी कुठून कुठून जुनी वैद्यकीय मासिकं मागवली, वाचली आणि मग ते पत्रक पुन्हा काढून वाचलं. सरकारी गोळीबद्दल मी केलेला आरोप खोटा होता. पण माझ्या शरीराने जे सांगितलं होतं ते खरं होतं. ते गावात एकट्या त्यांनी वाचलं. आणि मी हसत होतो तेव्हा ते प्रत्येक पेटीत तोच वारा शोधत होते.

वाडीतल्या सहा माणसांची बोटं टोचली. बशीत थेंब मिसळून कोणाचं जुळतं ते डॉक्टर बघत होते. जुळलं ते रेशनच्या दुकानदाराचं. या गृहस्थाला मी एका पत्रकात रक्तपिपासू म्हटलं होतं. त्याने मुकाट्याने हात पुढे केला आणि सुई आत असताना माझ्याकडे बघून म्हणाला, “ह्या पण छाप हां.” छापतो आहे.

पोर त्या दिवशी गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येत, बाळोतं उजेडात धरून बघत. तिसऱ्या दिवशी चहा फिका झाला. सहाव्या दिवशी पोर रडलं, चांगलं ओरडून, आणि शेजारणी कुंपणापलीकडून विचारू लागल्या की कोणाचं एवढं मोठं पोर आलंय.

त्या दिवशी परत जाताना मी त्यांना दवाखान्यापर्यंत पोहोचवायला गेलो आणि विचारलं, आधीचं पोरही याच्यानेच गेलं काय?

ते चालायचे थांबले. “तेच्या रगताचो थेंब माझ्याकडे नाय. म्हणान नक्की सांगूचंय नाय. पण माका तसाच वाटता.” मग म्हणाले, “तेच्या दुपट्याचो वास माका इललो. माझ्या ध्यानात इला नाय. तां तुझ्या पत्रकात नव्हता. असूक होया होता.”

मला त्या रात्रभर लिहायचं होतं आणि मी लिहिलं. सकाळी दवाखान्यात नेऊन वाचून दाखवलं. रूढी, अज्ञान, मेल्या माणसांची फडकी, सगळ्यांवर कोरडे ओढले होते. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून सगळ्यावर काट मारली. म्हणाले, लुगड्याने काय केलं? लुगडं शंभर वर्षं पोरांना गुंडाळतं आहे, ते धुऊन मऊ झालेलं कापड, त्याच्याइतकं बरं दुसरं नाही. बायका ते सोडणार नाहीत, आणि सोडायचं कारणही नाही. त्यांनी आठ ओळी सांगितल्या. पेटीत डांबरगोळी असेल तर त्यातलं कापड बाळाला लावू नये. घरातलं जितंजागतं म्हातारं माणूस रोज नेसतं ते लुगडं घ्यावं, आयुष्य लागायचं तर त्याचंच लागेल. बाळोत्याचा रंग बघावा. अशी. आणि हे चौकात चिकटवू नकोस, म्हणाले. पेटीच्या झाकणाला आतून चिकटव. बायका झाकण उघडतील तेव्हाच त्याची गरज.

खाली मी लिहिलं होतं, ‘माझ्या हातून एक बाळ गेलं.’ त्यांनी ‘माझ्या’ खोडून ‘आमच्या’ केलं आणि त्याखाली स्वतःची सही केली.

“आता जा,” ते म्हणाले, “आणि पयलो कागद तुझ्या बयणीक वाचून दाखय.”

मी सभा गाजवल्या आहेत, मोर्चे नेले आहेत. बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी मी जेवढा घाबरलो तेवढा कधी घाबरलो नव्हतो. बहिणीने त्या सकाळचं ‘मी’ भिंतीपलीकडून ऐकलं होतं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नव्हती. जेवण वाढलेलं असे, पण हाक नसे. मी दाराशी बसून वाचलं. ती पोराला पाजत होती, वर बघितलं नाही.

“परत वाच,” म्हणाली.

मी परत वाचलं. शेवटच्या ओळीवर तिने मला थांबवलं.

“हयसर ‘एक बाळ’ कित्याक लिवलंस? तो काय कोणाचाय एक बाळ? बारसा जावक नाय म्हणान तेका नाव नाय, असा तुमका वाटता. मी तेका नाव ठेवललंय.”

तिने नाव सांगितलं. नऊ दिवस ती त्याला त्या नावाने हाक मारत होती आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. मालवणात जाऊन मी ते नाव एकेक खिळा उचलून जुळवलं. आज आमच्या आणि शेजारच्या वाड्यांतल्या कितीतरी पेट्यांच्या झाकणांना आतून ते पत्रक चिकटवलेलं आहे. डॉक्टर आता दोडामार्गाकडे बदलून गेलेत आणि तिथेही पेट्या उघडायला लावतात, असं ऐकतो. तिथले लोक त्यांना काय म्हणतात ते मात्र अजून कळलेलं नाही.

बारसं झालं तेव्हा डॉक्टर अजून आमच्याकडेच होते आणि पोर सव्वा महिन्याचं होतं. पोराला गुंडाळायला वाडीतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईने नेसतं लुगडं दिलं. पंच्याऐंशीच्या पुढची, अजून खाडीत शिंपले काढायला जाणारी. लुगड्याला चिखलाचा वास यायचा. डॉक्टरांनी तो हुंगून बघितला आणि मान डोलावली. बायकांच्या घोळक्यात पुरुष म्हणून ते आणि मी, दोघेच.

नाव ठेवायची वेळ आली. बहीण पाळण्यावर वाकली आणि पोराच्या कानात नाव सांगण्याआधी ताठ उभी राहून मोठ्याने तिने पहिल्याचं नाव घेतलं. गाणं म्हणणाऱ्या बायका गप्प झाल्या. माझ्या आईने तोंडाला पदर लावला. मेलेल्याचं नाव पाळण्याशी, असं आमच्याकडे कोणी कधी केलं नव्हतं.

लुगडं दिलेली म्हातारी पाळण्याची दोरी धरून बसली होती. तिनेच तोंड उघडलं.

“ऐकला गो आमी,” ती म्हणाली. “थोरल्याचा झाला. आता धाकट्याचा घे. कवासून पाय झाडता तो.”